अर्धी वाट माशाची

मुलांनो, वर्षाची सुरुवात कधी होते? कॅलेंडर म्हणतं जानेवारीत. आजी म्हणते गुढीपाडव्याला. बँकेतले काका म्हणतात एक एप्रिलला. आणि तुम्ही म्हणाल, "बाई, आमचं वर्ष तर जूनमध्ये सुरू होतं. नवा वर्ग, नवी पुस्तकं, नवी छत्री!" बरोबर आहे. आता एक गंमत सांगते. माशांचं वर्षसुद्धा तुमच्याबरोबर जूनमध्येच सुरू होतं. हे मला कुठल्या पुस्तकात वाचून कळलं नाही, हजेरीपटावरून कळलं.

मी कोल्हापूरजवळच्या एका खेड्यात चौथीच्या वर्गाला शिकवते. रोज सकाळी रंकाळ्याच्या कडेनं जाणारी एसटी पकडते. गाव भोगावती नदीच्या बाजूला आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव, त्याच्या सांडव्यातून निघणारा ओढा, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि त्याच्या पुढं ऊसच ऊस. डी.एड. होऊन मी तिथं नव्यानंच रुजू झाले होते. १५ जूनला शाळा भरली. चार दिवस पट अगदी पूर्ण. मग एका रात्री धो धो पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली सात मुलं गैरहजर! त्याच्या दुसऱ्या दिवशी सातही जण हजर. विचारलं तर एकाचं पोट दुखत होतं, एकाला ताप होता, एकाची आजी आजारी होती. सगळ्यांच्या हातांना वास मात्र एकच येत होता.

मुली तोंडावर हात धरून हसायला लागल्या. शेवटी त्यांच्यातलीच एक उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ही समदी चढणीचं मासं धराय गेलती."

चढणीचे मासे म्हणजे काय, हे आमच्याकडं पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मृगाचा पाऊस लागला की डोंगरावरून, शेतातून गढूळ पाणी ओघळांनी ओढ्यात येतं, ओढ्यातून नदीला आणि तलावाला मिळतं. उन्हाळाभर कोमट, शांत पाण्यात राहिलेल्या माशांना हे नवं, गार, वाहतं पाणी लागलं की त्यांना एकदम जाग येते. पाणी ज्या दिशेनं येतंय त्या दिशेला ते तोंड करतात आणि उलटे पोहत वर चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओघळीत, ओघळीतून थेट भाताच्या खाचरात! बांधावरून पडणाऱ्या वीतभर धारेवरसुद्धा उड्या मारतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा छत्री मिटून तशीच पावसात उभी राहिले होते. घोट्याएवढ्या पाण्यात माशाची अर्धी पाठ उघडी पडलेली, तरी त्याची वर सरकायची धडपड चालूच.

कशासाठी एवढी मेहनत? तर अंडी घालण्यासाठी. नुकत्याच पाण्याखाली आलेल्या जमिनीत बारीकसारीक किडे, शेवाळ, जीवजंतू यांची रेलचेल असते. पाणी उथळ असल्यामुळं मोठे खादाड मासे तिथं फारसे येत नाहीत. पिल्लांना खायला भरपूर आणि त्यांना खाणारे कमी. पुढं पाणी उतरलं की पिल्लं पाण्याबरोबर खाली ओढ्यात, तलावात, नदीत जातात. म्हणजे भाताचं खाचर ही माशांची बालवाडीच म्हणा ना!

आणि नेमकी याच वाटेवर माणसं बुट्ट्या, जाळी आणि घरातली जुनी धोतरं घेऊन उभी असतात. वर्षातली सगळ्यात सोपी मासेमारी हीच. गळ नको, नाव नको, पोहता यायलाही नको. मासा आपण होऊन दारात येतो. शिंगटा, मरळ, वाम आणि बरीचशी बारीक पांढरी मासळी. शिवाय हा काळ आखाडाचा, पुढं श्रावण लागला की बऱ्याच घरांत महिनाभर चूल शाकाहारी. मग काय, चार दिवस गावभर माशाच्या कालवणाचा वास.

हजेरीचा प्रश्न मी एका प्रकारे सोडवला. मुलांना म्हटलं, जाताय तर जा, पण पहाटे जा आणि दहाच्या आत शाळेत या. येताना काय मिळालं ते मला सांगायचं. दुसऱ्या पावसानंतर एका मुलानं चक्क पुरावाच आणला. केळीच्या पानात गुंडाळलेली गाबोळी. गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांची पिशवी. एका मध्यम शिंगट्याच्या पोटातून निघाली होती. "बाई, आई म्हणाली, बाईस्नी दे, तव्यावर लय भारी लागती."

त्या दिवशी आमचा गणिताचा तास अपूर्णांकांचा होता. मी म्हटलं, ही तव्यावर जायच्या आधी फळ्यावर जाऊ दे. ब्लेडनं गाबोळीचे दोन सारखे भाग केले. मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. एका चौसष्टांश भागात किती अंडी असतात ते मोजायचं ठरलं. बशीत पाणी घेतलं, काडीनं एकेक अंडं बाजूला करत पाच जणांनी मोजलं. खसखशीएवढी अंडी, त्यामुळं दोनदा मोजावं लागलं. साधारण चारशे भरली. आता चारशे गुणिले चौसष्ट. फळ्यावर उत्तर आलं पंचवीस हजार सहाशे!

वर्ग गप्प. मग मागून प्रश्न आला, "बाई, म्हंजे आमी पंचवीस हजार मासं खाल्लं व्हय?"

असं काही नसतं, हे मी त्यांना समजावलं. पंचवीस हजार अंड्यांचे पंचवीस हजार मोठे मासे कधीच होत नाहीत. काही अंडी फुटतच नाहीत. काही बेडूक, पाणकिडे, बगळे खातात. काही पिल्लं खाचर आटल्यावर मरतात. शेवटी मोठे होतात ते मोजकेच. म्हणून तर निसर्ग इतकी अंडी देतो. पण त्या मोजक्यांवरच पुढच्या वर्षीचा तलाव चालतो. ज्या आईनं अजून एकही अंडं घातलेलं नाही ती वाटेतच बुट्टीत गेली, तर मोजकेही उरत नाहीत.

ज्यानं गाबोळी आणली होती तो मुलगा भोई समाजातला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालत आलेली. तो संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगून आला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा आज्जाच शाळेच्या फाटकात उभा! मला वाटलं, आता तक्रार येणार. पण म्हातारा हसत होता. म्हणाला, "बाई, ह्ये गणित आमास्नी फळ्यावर येत न्हाई, पर ठावं हाय. चला, दावतो."

मधल्या सुट्टीत आम्ही सगळे ओढ्यावर गेलो. तिथं त्यानं दगडांचा एक छोटा बांध घातला होता, पण तो ओढ्याच्या निम्म्याच रुंदीत. त्या निम्म्या भागात बांबूची लांबट बुट्टी तोंड खाली करून बसवलेली. उरलेल्या निम्म्यातून पाणी मोकळं वाहत होतं. "अर्धी वाट आपली, अर्धी वाट माशाची," तो म्हणाला. "माझ्या बानं मला शिकिवलं. सगळा वढा आडवायचा न्हाई. जो इकडनं ईल तो माझा. जो तिकडनं जाईल त्येची पोरं दिवाळीला माझी."

आजोबांचं हे वाक्य मी डी.एड.ला शिकलेल्या कुठल्याही पाठापेक्षा सोपं मानते. पण मुलं मोठ्यांपेक्षा हुशार असतात. परत येताना त्यांचाच नातू मला म्हणाला, "बाई, आज्जा अर्धी वाट सोडतो. पर खालच्या पुलावर लोक मोटारसायकलवरनं येत्यात, मच्छरदाणी आडवी लावत्यात, समदा वढा. मग आमी सोडल्यालं मासं त्येंच्याच जाळ्यात. मग आमी का सोडायचं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? तो खोटं बोलत नव्हता. पुलावर मी स्वतः पाहिलं होतं. मच्छरदाणीतून बोटभर पिल्लूसुद्धा सुटत नाही. काही जण तर बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून शॉक देतात. त्यात लहानमोठा सगळा मासा उलटा होतो, आणि माणसाचाही जीव जाऊ शकतो. काही ठिकाणी जिलेटिनचे स्फोट करतात, कुठं पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात. स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला आपल्या देशात १८९७ सालच्या कायद्यानंच बंदी आहे. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त झाली! समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तोही माशांच्या विणीचा काळ. ओढ्याच्या पुलावर मात्र कोण उभं राहणार?

त्या दिवशी मी त्याला एवढंच म्हणाले, की आपण आधी लिहून ठेवू या. कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यात, कुठला मासा मिळाला. लिहिलेलं असेल तर ग्रामसभेत दाखवता येतं. नुसतं "पूर्वी लय मासं हुतं" असं म्हटलं की कुणी ऐकत नाही. अशा रीतीनं आमच्या वर्गाच्या भिंतीवर माशांचा तक्ता लागला. जूनपासून मेपर्यंत बारा रकाने. दर वर्षी नवीन कार्डशीट, नवीन चौथी, आणि जुने तक्ते कपाटात गुंडाळून ठेवलेले.

त्या तक्त्यावरूनच आता बाकीचं वर्ष सांगते.

जुलै आणि ऑगस्टचे रकाने बहुधा मोकळे असतात. पाऊस इतका की कुणी पाण्याकडं फिरकत नाही. राधानगरीचं धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. ती बातमी आली की आमच्या एसटीतली माणसं आपोआप गप्प होतात. पंचगंगेची पाणीपातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. तेव्हाच्या रकान्यात मुलांनी नंतर एकच ओळ लिहिली आहे : "उसात मासे." पूर ओसरल्यावर उसाच्या सरीत, विहिरीत, एका घराच्या तर उंबऱ्याआत मासे सापडले होते. तलावातले नदीत, नदीतले शेतात, सगळी सरमिसळ. २०२१ ला पुन्हा तेच.

याच दिवसांत एक सुंदर गोष्ट बघायला मिळते, मरळीची पिल्लं. मरळ हा सापासारख्या डोक्याचा मासा. त्याची पिल्लं तांबडी असतात आणि शेकड्यांनी एकत्र पोहतात. तलावाच्या काठाला पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा एक तांबडा ठिपका सरकताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. या वेळी त्यांना पकडणं फार सोपं, कारण पिल्लांपाशी काहीही गेलं की ते त्याच्यावर धावून येतात. आज्जा म्हणतो, तांबडं दिसलं की गळ गुंडाळायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, बाजारात तर रोहू, कटला, मृगळ दिसतात. त्यांची नावं तक्त्यात कुठं आहेत? येतात की, पण त्यांची गोष्ट वेगळी आहे. हे मूळचे उत्तरेकडच्या गंगेसारख्या मोठ्या नद्यांमधले मासे. तिथून ते आपल्याकडं आणले गेले. तलावात ते छान वाढतात, पण एक अडचण. तलावाच्या उभ्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. त्यांना पुराचं वाहतं पाणीच लागतं. त्यामुळं पूर्वी लोक पावसाळ्यात नदीवर जाऊन त्यांची पिल्लं गोळा करत. त्यात दुसऱ्याच माशांची पिल्लं मिसळून यायची. मग १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. माशाच्या मेंदूखाली पीयूषिका नावाची एक बारीक ग्रंथी असते. तिचा अर्क काढून त्यांनी तो नर-मादी माशांना टोचला आणि माशांनी चक्क तळ्यात अंडी घातली! तो दिवस होता १० जुलैचा. म्हणून १० जुलैला आपल्या देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

या पिल्लांची नावं ऐका. अंड्यातून नुकतीच आलेली, ती मत्स्यजिरे. खरंच जिऱ्याएवढी. पुढं बोटाएवढी झाली की बोटुकली. किती गोड नाव आहे! आमच्या तलावाचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडं आहे. ते पावसाळ्यात ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली आणून सोडतात. माझा वर्ग बघायला जातो. पिशवी एकदम ओतत नाहीत. आधी तशीच बांधलेली पाण्यात तरंगत ठेवतात, म्हणजे आतलं पाणी आणि तलावाचं पाणी सारखं गार होतं. तुम्हाला कुणी झोपेत असताना एकदम गार पाण्यात टाकलं तर कसं वाटेल?

तीन जाती एकत्र का सोडतात, तर तलाव म्हणजे तीन मजली घर. कटला वरच्या मजल्यावर खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळमजल्यावर. भांडणं नाहीत. चांगलं खायला मिळालं तर बोटुकलीचा वर्षभरात किलोभराचा मासा होतो. तोपर्यंत संस्थेची माणसं सांडव्याला जाळी लावून राखण करतात, नाहीतर भरलेल्या तलावातून सगळं भांडवल ओढ्याला!

दसरा-दिवाळीला पाणी निवळतं. आणि या सुमारास आमच्या नदीचा एक चमत्कार होतो, ज्याच्यावर आमच्या जिल्ह्याचं नाव आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा! नदीत दगडी खांबांची रांग असते. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत फळ्या टाकतात. आमच्याकडं त्यांना बरगे म्हणतात. त्यांनी पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की नदी मोकळी. म्हणजे आमच्या नद्या चार महिने नद्या आणि आठ महिने तळ्यांची माळ. तशी कोल्हापूरला तळ्यांची कधी कमी नव्हतीच. रंकाळा, कळंबा, कोटितीर्थ, राजाराम तलाव आजही आहेत. काही तळी मात्र नावापुरती उरली. कपिलतीर्थावर आता भाजी मंडई आहे. गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ, तिथं पावसाळ्यात अजून पाणी तुंबतं. पाणी आपलं घर विसरत नाही, असं माझी आई म्हणते.

बरगे बसले की गळवाल्यांचे दिवस येतात. हिवाळ्याचे रकाने तक्त्यात सगळ्यात भरलेले असतात, कारण मुलं स्वतः गळ टाकतात. कळकाची काठी, नायलॉनचा दोरा, ज्वारीच्या ताटाचा तुकडा तरंगायला, आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. थंडीत मासा सुस्त होतो. आपल्यासारखं त्याचं अंग आतून गरम राहत नाही, पाणी जेवढं गार तेवढा तो गार. मग तो खोल जातो आणि कमी खातो. म्हणून पौषात पहाटे गळ टाकून कुडकुडण्यात अर्थ नाही. बारा वाजता, उन्हानं वरचं पाणी जरा कोमट झालं की ताटाचा तुकडा हलायला लागतो. मुलांना हे माहीत होतं, मलाच नव्हतं. शाळेची मधली सुट्टी कधी असते ते तुम्हाला माहीत आहेच.

गळाला लागतं काय? खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चिलापी. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेल्या माणसाच्या पिशवीत डोकावलं तरी तीच. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात १९५२ साली आणला. याची आई अंडी तोंडात धरून ठेवते. अंडी फुटेपर्यंत ती जवळजवळ उपाशी असते, आणि धोका दिसला की पिल्लं पुन्हा तिच्या तोंडात पळतात. वाचायला छान वाटतं ना? पण यामुळंच चिलापी भराभर वाढते, उभ्या पाण्यातही विते, पावसाळ्याची वाट बघत नाही. आणि आपल्या शिंगट्या-मरळींच्या वाट्याचं खाऊन टाकते. आमच्या पहिल्या तक्त्यात चिलापीच्या खुणा कमी आहेत, नंतरच्या तक्त्यांत त्याच जास्त. मुलांनी तिच्यासाठी निळा रंग ठरवला होता. आता तक्ता लांबून निळाच दिसतो.

आता उन्हाळा. मार्च ते मे हा जाळ्यांचा हंगाम. पाणी कमी, मासा वाढलेला. ठेक्याच्या तलावात संस्थेचे लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून संध्याकाळी जाळी लावतात आणि पहाटे काढतात. त्या मुलाचे वडीलही त्यांच्यातलेच. घराचं वर्षाचं गणित या तीन महिन्यांवर असतं : वह्या, कपडे, बहिणीचं लग्न. म्हणून मासेमारी वाईट, असं मी वर्गात कधीच शिकवत नाही. जो मासा त्यांनी पिल्लू असताना विकत आणून सोडला, वाढवला, तो त्यांनीच काढायचा.

पण एप्रिलच्या रकान्यात काही वेळा काळी खूण असते. काळी खूण म्हणजे मेलेले मासे. नदीत बंधाऱ्याच्या फळ्यांमागं पाणी साचून राहिलेलं, त्यात वरून गावाचं सांडपाणी आणि कारखान्यांचं मळी मिसळलेलं पाणी आलं की एका रात्रीत मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. पंचगंगेच्या काठच्या मुलांना हे दृश्य सांगायला नको.

मासे पाण्यात राहून गुदमरतात कसे? त्यासाठी सोड्याची बाटली आठवा. गार बाटली उघडली तर थोडेच बुडबुडे येतात. गरम झालेली उघडली तर फस्सकन सगळा वायू बाहेर. गार पाणी वायू धरून ठेवतं, गरम पाणी सोडून देतं. माशाला लागणारा प्राणवायूही असाच पाण्यात विरघळलेला असतो, तो उन्हाळ्यात मुळातच कमी. त्यात मळीतली साखर खायला अगणित सूक्ष्मजंतू जमतात आणि तेही प्राणवायूच वापरतात. दिवसा पाणवनस्पती थोडा तयार तरी करतात, रात्री त्यासुद्धा वापरतातच. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडतात. मरळ तेवढी तगते, कारण ती पाण्याबाहेर तोंड काढून हवेतूनही श्वास घेते. आणि हेच घाण पाणी पहिल्या पावसानं खाली ढकललं, की चढणीला निघालेले मासे त्याच्यात सापडतात. अर्धी वाट सोडूनही मग काय उपयोग?

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, "बाई, बारक्या माशांचं एवढं काय घेऊन बसलात?" त्यांना मी हिरण्यकेशीची गोष्ट सांगते. ही नदी आंबोलीला उगम पावते आणि आमच्या आजरा, गडहिंग्लज तालुक्यांतून वाहते. उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात बोटाएवढा एक रंगीत मासा कायमचाच होता. लोक रोज बघत होते. पण तो जगाला माहीत नसलेला मासा आहे, हे २०२० साली कळलं. अभ्यासकांनी त्याला नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आमच्या ओढ्यातल्या "बारीक पांढऱ्या मासळी"त किती जाती आहेत, हे कुणी अजून मोजलंय का?

मागच्या वर्षी आम्ही सगळे तक्ते ग्रामसभेत नेले आणि भिंतीवर ओळीनं लावले. बोलायचं काम मुलांचं होतं. फळ्यावरचं पंचवीस हजार सहाशेचं गणितही एका मुलीनं करून दाखवलं. तिनं "म्हणून" म्हणायच्या आधीच मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी, मग आमी खायाचं काय?" त्यावर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते एवढंच : पुलावर आडवी मच्छरदाणी लावू द्यायची नाही, शॉकवाला दिसला तर पोलीसपाटलांना कळवायचं. निम्म्या ओढ्याचं ठरलं नाही. पुढच्या सभेत बघू म्हणाले. यंदाच्या पहिल्या पावसाला मी मुद्दाम पहाटेच्या एसटीनं गेले. पुलावर दोन मोटारसायकली होत्या, पण जाळं नव्हतं. वर ओढ्यात मात्र एकानं पूर्ण बांध घातलेला होता, आणि त्याच्याशी आज्ज्याची जोरदार जुंपली होती.

तुमच्या गावाजवळ तलाव, नदी, ओढा काहीतरी असेलच. शिंगट्याला, मरळीला, वामीला तुमच्याकडं काय म्हणतात, चढणीच्या माशांना काय म्हणतात, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. आमच्या तक्त्याच्या खाली नावांसाठी जागा ठेवली आहे.

मे महिन्याचा रकाना सुट्टीमुळं दर वर्षी कोराच राहायचा. तो गाबोळीवाला मुलगा आता आठवीत आहे. दर सुट्टीत तो वहीच्या मागच्या पानावर नोंदी करतो आणि जूनमध्ये मला आणून देतो. यंदाच्या पानावर शेवटची नोंद अशी आहे : "२८ मे. संध्याकाळी वळीव झाला. ओढ्याला अजून पाणी नाही. आज्ज्यानं माळ्यावरनं बुट्टी काढली. दोन काड्या मोडल्या होत्या, त्या बदलल्या."